‘शॅल’ आणि ‘विल’: एक जाहीरनामा, दोन क्रियापदं आणि माझं बारगळलेलं प्रकरण

मराठी माध्यमातून शिकलेल्यांना हा तक्ता आठवत असेल. फळ्यावर डावीकडे सर्वनामं, उजवीकडे क्रियापदं. ‘आय’ आणि ‘वुई’ यांच्यापुढे ‘शॅल’, बाकी सगळ्यांपुढे ‘विल’. अर्थ विचारला की सर म्हणायचे, “दोन्हीचा अर्थ एकच. भविष्यकाळ. जाईन, जाशील, जाईल.” गाळलेल्या जागा भरायच्या, दोन मार्क घ्यायचे, विषय संपला.

माझ्यापुरता तो संपला नाही. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी याच दोन शब्दांवर एक अख्खं प्रकरण उभं केलं आणि गाइड मॅडमनी एका प्रश्नात ते आडवं केलं. त्या प्रकरणाची ही गोष्ट. तुमच्यापैकी जे नेटची तयारी करतायत, प्रस्ताव लिहितायत किंवा पहिल्यांदाच जुने इंग्रजी कागद हाताळणार आहेत, त्यांनी माझ्या ठेचेवरून शहाणं व्हावं, एवढाच हेतू.

सुरुवात कुठे झाली

माझा विषय आहे एकोणिसाव्या शतकातली सरकारी नोकरी आणि तिच्यासाठी हिंदुस्थानी लोकांनी केलेली मागणी. या विषयात दोन कागद पुन्हा पुन्हा समोर येतात. पहिला म्हणजे १८३३च्या सनदी कायद्याचं ८७वं कलम. दुसरा म्हणजे राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा. लॉर्ड कॅनिंग यांनी तो १ नोव्हेंबर १८५८ रोजी अलाहाबादला वाचला. त्याची देशी भाषांतही भाषांतरं झाली.

जाहीरनाम्यात एक वाक्य आहे. त्याचा मथितार्थ असा: आमच्या मुलखावर किंवा हक्कांवर कोणी चाल केली तर ती आम्ही खपवून घेणार नाही, आणि दुसऱ्यांच्या मुलखावर-हक्कांवर होणाऱ्या अतिक्रमणाला आम्ही मंजुरी देणार नाही.

मराठीत मी दोन्हीकडे ‘णार नाही’ लिहिलं. पण इंग्रजी मजकूर पुन्हा पाहिला आणि थबकले. पहिल्या भागात ‘वुई विल’ आहे, दुसऱ्या भागात ‘वुई शॅल’. कर्ता एकच, वाक्य एकच, तरी क्रियापदं दोन. हे उगाच असेल का?

मग मी व्याकरणाची जुनी पुस्तकं काढली. तिथला नियम सांगत होता की प्रथमपुरुषात ‘विल’ म्हणजे निश्चय आणि ‘शॅल’ म्हणजे नुसतं पुढे काय होणार याचं कथन. झालं! मला घबाडच सापडलं. स्वतःच्या मुलखाचं रक्षण करायचं तिथे राणी निश्चयाने बोलते, संस्थानिकांना अभय द्यायचं तिथे नुसतं भविष्य वर्तवते. म्हणजे साम्राज्याची नियत एका सहायक क्रियापदात उघडी पडली! मी सपाटून लिहीत सुटले.

मॅडमनी प्रकरण वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, “हा नियम जाहीरनामा लिहिणाऱ्याने पाळला होता, हे तुला कुणी सांगितलं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधायला मला दोन्ही शब्दांच्या मुळापर्यंत जावं लागलं.

एक देणं, एक इच्छा

आधी ‘शॅल’. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ होता ऋणी असणं, देणं लागणं. इ.स. १०००च्या सुमाराच्या जुन्या इंग्रजी शुभवर्तमानांत लूकच्या सोळाव्या अध्यायात लबाड कारभाऱ्याची गोष्ट येते. तो धन्याच्या कर्जदाराला विचारतो की तू माझ्या धन्याचं किती देणं लागतोस? तिथे ‘देणं लागतोस’साठी जे क्रियापद आहे ते म्हणजे आपल्या ‘शॅल’चंच जुनं रूप. पुढे दुसरं क्रियापद नाही, भविष्यकाळाचा संबंध नाही, सरळ पैशाचा हिशोब आहे. जर्मन भाषेत ‘शुल्ड’ म्हणजे कर्ज आणि दोषही. तो याच कुळातला शब्द.

देण्यातून कर्तव्याकडे जाणारी वाट मराठी माणसाला समजावून सांगायला नको. आपण ‘मी त्याचं देणं लागतो’ म्हणतो आणि ‘मला जावं लागतं’ असंही म्हणतो. क्रियापद तेच, ‘लागणे’. पैशाचं ओझं आणि कामाचं ओझं आपल्या भाषेनेही एकाच खुंटीला टांगलंय. ‘शॅल’चा प्रवास असाच झाला: देणं लागतो, मग करावं लागतं, मग करणं ठरलेलं आहे, आणि शेवटी नुसतं ‘होईल’. त्याचंच भूतकाळी रूप ‘शुड’. त्यात कर्तव्याचा रंग अजून टिकून आहे.

आता ‘विल’. याचा मूळ अर्थ इच्छिणे, हवं असणं. नाम म्हणून तो अर्थ आजही जिवंत आहे. ‘आजोबांनी विल करून ठेवलंय’ हे वाक्य आपल्या घरोघरी ऐकू येतं, आणि त्या कागदाला मराठीत आपण मृत्युपत्र म्हणतो तसंच इच्छापत्रही म्हणतो. इच्छेतून भविष्य कसं निघतं? त्यालाही मराठीत जोड आहे. ‘भिंत पडू पाहतेय’ असं आपण म्हणतो. भिंतीला कसली आलीय इच्छा? पण ‘पाहणे’ इथे ‘होण्याच्या बेतात असणे’ झालंय. ‘विल’चंही असंच झालं. आधी माणसाची इच्छा, मग माणसाचा बेत, मग कशाचंही घडणं. म्हणून आज ‘पाऊस पडेल’ सांगतानाही ‘विल’ चालतो.

एक लक्षात घ्या. जुन्या इंग्रजीत भविष्यकाळासाठी क्रियापदाचं वेगळं रूप नव्हतंच. वर्तमानकाळी रूपावर काम भागत असे. नंतर ही जागा भरायला हे दोन शब्द पुढे सरकले. चौदाव्या शतकात विक्लिफच्या अनुयायांनी लॅटिन बायबल इंग्रजीत आणलं. तेव्हा लॅटिनमधल्या भविष्यकाळासाठी त्यांनी बहुतकरून ‘शॅल’ घेतला आणि ‘विल’ राखून ठेवला तो लॅटिनमधल्या ‘इच्छिणे’ या क्रियापदासाठी. धर्मग्रंथाच्या आणि कायद्याच्या इंग्रजीत ‘शॅल’ला जे वजन आहे त्यामागे या परंपरेचा वाटा मोठा आहे. दहा आज्ञांमधला ‘चोरी करू नकोस’ हा आदेश इंग्रजीत ‘शॅल’च्याच जुन्या द्वितीयपुरुषी रूपात येतो.

नियम केला कुणी?

आता तक्त्याकडे येऊ. प्रथमपुरुषाला ‘शॅल’, बाकीच्यांना ‘विल’, ही वाटणी बोलणाऱ्या लोकांनी ठरवलेली नव्हती. ती नियम म्हणून मांडली जॉन वॉलिस यांनी. हे गृहस्थ ऑक्सफर्डला भूमितीचे प्राध्यापक. अनंतासाठी आपण जे आडव्या आठासारखं चिन्ह वापरतो ते १६५५मध्ये यांनीच रूढ केलं. त्याच्या दोन वर्षं आधी, १६५३मध्ये, त्यांनी इंग्रजी भाषेचं व्याकरण लिहिलं. तेही लॅटिनमध्ये, परदेशी माणसाला इंग्रजी शिकता यावं म्हणून.

वॉलिस म्हणतात, प्रथमपुरुषात ‘शॅल’ नुसतं भाकीत करतो. ‘विल’ वचन देतो किंवा धमकावतो. द्वितीय आणि तृतीयपुरुषात नेमकं उलट: ‘विल’ भाकीत करतो, ‘शॅल’ वचन देतो किंवा धमकावतो.

यात एक तर्क आहे. मी माझ्याबद्दल ‘विल’ म्हटलं तर माझी इच्छा मध्ये येते, म्हणून निश्चय. तुझ्याबद्दल ‘शॅल’ म्हटलं तर तुझ्यावर बंधन पडतं, आणि ते घालणारी किंवा त्याची हमी घेणारी मी असते. म्हणून सिंड्रेलाची परी तिला ‘तू मेजवानीला जाशीलच’ म्हणते तेव्हा ‘शॅल’ वापरते. जाणं सिंड्रेलाचं, हमी परीची.

प्रश्नार्थक वाक्यात हा फरक आपल्याला चटकन कळतो, कारण मराठीनेही तो जपलाय. ‘शॅल आय कम?’ म्हणजे ‘मी येऊ का?’ ‘विल यू कम?’ म्हणजे ‘तू येशील का?’ पहिल्यात माझं येणं तुझ्या मर्जीवर आहे, दुसऱ्यात तुझं येणं तुझ्याच मर्जीवर. ‘मी येऊ का?’च्या जागी कोणी ‘मी येईन का?’ म्हणत नाही. म्हणजे तक्ता पाठ करताना जे समजलं नाही ते ‘येऊ का’ आणि ‘येशील का’ यांत आपल्याला आईच्या तोंडून आधीच मिळालं होतं.

वॉलिस यांचा नियम पुढे रॉबर्ट लोथ यांच्या १७६२च्या व्याकरणात आला, लिंडली मरी यांच्या १७९५च्या व्याकरणात आला आणि शाळेत कायमचा मुक्कामाला राहिला. आपल्याकडे तो ज्या पुस्तकातून पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला त्या ‘रेन अँड मार्टिन’मधले पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होते. ‘बो जेस्ट’ ही साहसकथा लिहिणारे रेन तेच.

गंमत अशी की नियम पाठ्यपुस्तकात पक्का होत होता तेव्हाही सगळे इंग्रजी बोलणारे तो पाळत नव्हते. स्कॉटिश आणि आयरिश लोक प्रथमपुरुषातही बिनदिक्कत ‘विल’ म्हणायचे. त्यावर इंग्रजांनी एक विनोद रचला. पाण्यात पडलेला परका माणूस ओरडतो, ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!’ त्याला म्हणायचं असतं, मी बुडतोय, मला कोणी वाचवणार नाही. काठावरचे नियमनिष्ठ इंग्रज अर्थ लावतात, ‘मी बुडणारच, खबरदार कोणी वाचवलंत तर!’ आणि त्याला बुडू देतात. हा परका माणूस कधी आयरिश असतो, कधी स्कॉटिश, कधी फ्रेंच. विनोदाचं काम कळलं ना? आपलं कोण आणि बाहेरचं कोण, हे ठरवण्याचं. १९०६मध्ये फाउलर बंधूंनी ‘द किंग्ज इंग्लिश’मध्ये जवळजवळ हेच गंभीरपणे सांगितलं: दक्षिण इंग्लंडच्या माणसाला हा वापर उपजत येतो, पण तो इतका गुंतागुंतीचा आहे की बाहेरच्याला साधणं कठीण.

१९२५मध्ये चार्ल्स फ्राइझ या अमेरिकन भाषाभ्यासकाने मोजदाद केली. कित्येक शतकांची इंग्रजी नाटकं, त्यांच्या जोडीला अमेरिकन नाटकं घेतली आणि त्यांतले ‘शॅल’ आणि ‘विल’ मोजले. नाटकं अशासाठी की लिहिलेल्या मजकुरात बोलण्याच्या सर्वांत जवळचं तेच. निष्कर्ष असा निघाला की शाळेतला नियम प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही. साध्या विधानांत प्रथमपुरुषातही ‘विल’चंच पारडं जड होतं.

संशोधनाच्या दृष्टीने ही मोजणी मोलाची आहे. माणसं काय करतात ते व्याकरणाच्या पुस्तकावरून ठरत नाही. माणसांनी काय करावं असं त्या लेखकाला वाटत होतं, तेवढंच त्यावरून कळतं. आणि मी नेमकं पुस्तकावरून माणसांचं वागणं ठरवलं होतं.

प्रकरण कसं कोसळलं

मॅडमनी मला सांगितलं, “एका वाक्यावर इमारत नको. तोच कागद पूर्ण वाच. प्रत्येक ‘शॅल’ आणि प्रत्येक ‘विल’ वहीत उतरव.”

उतरवले. आणि माझाच पुरावा माझ्यावर उलटला.

संस्थानिकांचे हक्क, प्रतिष्ठा आणि मान आम्ही स्वतःच्यासारखेच जपू, या वाक्यात ‘शॅल’ आहे. हे भाकीत आहे असं म्हणणं हास्यास्पद ठरेल. त्याच्या पुढेच राणी म्हणते, इतर प्रजेबाबतची कर्तव्यं जशी आम्हांला बांधतात तशीच हिंदुस्थानच्या लोकांबाबतचीही बांधतात, आणि ती आम्ही निष्ठेने पार पाडू. तिथेही ‘शॅल’. आधी स्वतःला बांधून घ्यायचं, ‘निष्ठेने’ असं क्रियाविशेषण लावायचं आणि मग नुसतं भविष्य वर्तवायचं, असं कोणी करत नाही. म्हणजे या मसुद्यात प्रथमपुरुषी ‘शॅल’ सर्रास वचनासाठी आलाय. मग त्या पहिल्या वाक्यात दोन वेगळी क्रियापदं का? कदाचित शेजारीशेजारी तोच शब्द नको, एवढंच साधं कारण असेल.

दुसरी अडचण त्याहून मोठी होती. मी सगळीकडे ‘राणी म्हणते’ असं लिहिलं होतं. पण पहिला मसुदा राणीला पसंत पडला नव्हता. ऑगस्ट १८५८मध्ये तिने पंतप्रधान लॉर्ड डर्बी यांना पत्र लिहून तो त्यांनी स्वतः नव्याने लिहावा असं सुचवलं; कोट्यवधी लोकांशी एक स्त्री राज्यकर्ती बोलते आहे हे ध्यानात ठेवा, असंही बजावलं. म्हणजे शब्द एकाचे, सूचना दुसरीच्या, सही तिसऱ्याच अर्थाने. या कागदातल्या एका सहायक क्रियापदावरून राणीच्या मनाचा ठाव घ्यायला निघालेली मी!

दोन दिवस मी वही उघडली नाही. खोटं कशाला सांगू, विषय बदलावा असंही वाटलं.

मग उरलं काय?

तिसऱ्या दिवशी तीच यादी पुन्हा पाहिली. ‘शॅल की विल’ हा प्रश्न बाजूला ठेवला आणि प्रत्येक नोंदीपुढे दोन रकाने आखले: कर्ता कोण? बांधला कोण गेला? चित्र बदललं.

नोकऱ्यांबद्दलचं वाक्य घ्या. त्यात ‘विल’ आहे, पण सहायक क्रियापद म्हणून नाही. नाम म्हणून आहे. आमच्या प्रजाजनांना, वंश किंवा धर्म कोणताही असो, आमच्या नोकरीत मोकळेपणाने आणि निःपक्षपातीपणे घेतलं जावं, अशी आमची आणखी ‘इच्छा’ आहे. आणि तेही ‘शक्य असेल तितपत’. जमिनीचे आणि रीतीरिवाजांचे जुने हक्क सांभाळावेत, या वाक्यात तर ‘विल’ हे पूर्ण क्रियापद आहे, ‘आम्ही इच्छितो’ या मूळ अर्थाने. म्हणजे कित्येक शतकं जुना अर्थ राजभाषेत शाबूत! यंत्राने शोध घेणाऱ्यांनी इथे जपावं. डिजिटल प्रतीत ‘विल’ शोधलात तर सहायक क्रियापद, इच्छा, मृत्युपत्र आणि विल्यम नावाचा माणूस, सगळे एकाच ढिगात येतात. ते हातानेच निवडावे लागतात.

आता १८३३चं कलम. कोणाही ‘नेटिव्ह’ माणसाला केवळ धर्म, जन्मस्थान, वंश किंवा वर्ण यांमुळे कंपनीच्या कोणत्याही पदासाठी अपात्र धरलं जाणार नाही. इथे ‘शॅल’ आहे, कायद्याचा, खणखणीत. पण प्रयोग पाहा. कर्मणी. अपात्र कोण ठरवणार नाही, त्याचं नाव वाक्यात नाही. आणि नेमणूक करण्याचं बंधन तर कुणावरच नाही. डिसेंबर १८३४च्या खलित्यात कंपनीच्या संचालकांनी स्वतःच खुलासा केला की यापुढे लायकी हाच निकष. आणि या कलमाचा हेतू अपात्रता दूर करण्याचा आहे, पात्रता ठरवण्याचा नाही. दार बंद नाही एवढंच कायदा सांगत होता. आत घ्या, असं तो कुणालाही सांगत नव्हता.

परिणाम? सनदी नोकरीची स्पर्धापरीक्षा १८५५ला सुरू झाली, तीही लंडनला. सत्येंद्रनाथ टागोर ती उत्तीर्ण होणारे पहिले हिंदुस्थानी, १८६३मध्ये. कायद्यातल्या ‘शॅल’नंतर तीस वर्षांनी.

इथे मला माझा खरा विषय दिसला. लिहिणाऱ्याने कोणत्या बेताने कोणता शब्द ठेवला, हे सिद्ध करणं अवघड. पण वाचणाऱ्यांनी त्या शब्दांचं काय केलं, त्याचा पुरावा ढीगभर आहे. दादाभाई नौरोजींनी आयुष्यभर हे दोन कागद सरकारपुढे धरले. १८३३चा ‘शॅल’ आणि १८५८ची ‘इच्छा’ यांत त्यांनी फरक केला नाही. दोन्ही त्यांच्या लेखी दिलेला शब्द होता, आणि दिलेला शब्द म्हणजे देणं. एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेला हा माणूस सरकारला त्याचाच हिशोब मागत राहिला. आणि सरकारलाही हे कळत होतं. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी १८७८च्या गोपनीय टिपणात कबुली दिली की या अपेक्षा कधीच पुऱ्या होणार नाहीत हे आपल्याला ठाऊक आहे. हिंदुस्थानी लोकांना सरळ मज्जाव करायचा की त्यांना फसवायचं, यांत आपण कमी सरळ मार्ग निवडला. दादाभाईंनी हे टिपण आपल्या १९०१च्या ग्रंथात छापलं.

राज्यकर्त्यांनी ‘विल’ आणि ‘शॅल’ सैलपणे वापरले आणि प्रजेने दोन्ही काटेकोर वाचले. माझं नवं प्रकरण या वाक्याभोवती उभं राहिलं. आधीच्यापेक्षा कमी चमकदार आहे, पण उभं आहे.

राज्यघटनेतला ‘शॅल’

हे सगळं वाचून आपली राज्यघटना उघडली की ती वेगळीच वाचता येते. चौदाव्या अनुच्छेदात ‘शॅल’ आहे आणि कर्ता स्पष्ट आहे: राज्य. राज्य कोणालाही कायद्यापुढील समानता नाकारणार नाही. १८३३मध्ये जो कर्ता गायब होता तो इथे वाक्याच्या तोंडाशी आणून बसवलाय.

सतरावा अनुच्छेद त्याहून पाहण्यासारखा. अस्पृश्यता ‘नष्ट केली जाईल’ असं तिथे नाही. ‘नष्ट करण्यात आली आहे’ असं आहे. इंग्रजीत साधा वर्तमानकाळ. ‘शॅल’ही नाही, ‘विल’ही नाही. देणं भविष्यावर ढकललेलंच नाही. ‘शॅल’ येतो तो पुढच्या वाक्यात, अस्पृश्यतेतून निर्माण झालेली निःसमर्थता लादणं हा गुन्हा असेल, हे सांगताना.

आणि शिक्षणाचं पाहा. मूळच्या ४५व्या अनुच्छेदात चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्यासाठी राज्य दहा वर्षांत ‘प्रयत्नशील राहील’, म्हणजे इंग्रजीत ‘शॅल एन्डेव्हर’. ‘शॅल’ होता, पण तो प्रयत्न करण्याला जोडलेला, शिक्षण देण्याला नव्हे. अशाच ‘झटणे’ या शब्दावर घटना समितीत चर्चा झाली होती आणि नोव्हेंबर १९४८मध्ये डॉ. आंबेडकरांनी त्याचं समर्थन केलं होतं: परिस्थिती कितीही प्रतिकूल असली तरी सरकारने झटत राहिलं पाहिजे, हा त्यामागचा विचार. दहा वर्षं उलटली, पन्नास उलटली. २००२च्या ८६व्या घटनादुरुस्तीने २१-क हा अनुच्छेद आला आणि त्यात ‘शॅल प्रोव्हाइड’ झालं. मधला ‘एन्डेव्हर’ गेला. तो शब्द जायला अर्धं शतक लागलं आणि प्रत्यक्ष अंमल १ एप्रिल २०१०पासून सुरू झाला.

पण ‘शॅल’ दिसला म्हणजे बंधन पक्कं, असंही समजू नका. लोकसेवा आयोगाचा सल्ला ‘घेतला जाईल’ असं ३२०व्या अनुच्छेदात ‘शॅल’ने सांगितलंय. १९५७मध्ये मनबोधनलाल श्रीवास्तव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की शिस्तभंगाच्या प्रकरणात हा सल्ला घेतला नाही म्हणून कारवाई रद्द होत नाही. ही तरतूद निदेशात्मक आहे, अनिवार्य नाही. अशा घोळांमुळेच दक्षिण आफ्रिकेच्या १९९६च्या राज्यघटनेने बंधनासाठी ‘मस्ट’ वापरला, आणि अमेरिकेतल्या दिवाणी प्रक्रियेच्या संघीय नियमांतूनही २००७मध्ये ‘शॅल’ काढला गेला.

तुमच्या वहीसाठी

मोडी शिकलेल्यांना एक गोष्ट माहीत असते. पेशवाईतल्या पत्रात ‘रुपये पावते करणे’ असं दिसलं तर ते नुसतं क्रियापदाचं रूप नसतं, तो हुकूम असतो. तिथे आपण फसत नाही, कारण त्या कागदाची रीत आपल्याला ठाऊक असते. इंग्रजी कागद वाचताना मात्र आपण पाचवीचा तक्ता घेऊन बसतो.

तेव्हा पुढच्या वेळी ‘शॅल’ किंवा ‘विल’ भेटला की घाईने ‘-ईल’ लावू नका. आधी तो शब्द नाम आहे, पूर्ण क्रियापद आहे की सहायक, ते बघा. कर्ता कोण, आणि कर्मणी प्रयोगात तो लपलाय का, ते बघा. ‘शॅल’च्या लगेच पुढे कोणतं क्रियापद आहे ते बघा, बंधन तेवढ्यापुरतंच असतं. मग त्याच कागदातली त्या शब्दाची सगळी ठिकाणं एका पानावर उतरवा. आणि एवढं झाल्यावरच व्याकरणाच्या पुस्तकातला नियम हातात घ्या, तोही साक्षीदार म्हणून. निकाल त्याच्याकडे सोपवू नका.

भाषांतर करताना मी आता समासात एक खूण करते. जिथे मराठीत ‘-ईल’ आलंय पण मुळात देणं आहे तिथे ‘दे’, आणि जिथे इच्छा आहे तिथे ‘इ’. मॅडमना ही खूण आवडली. बारगळलेलं प्रकरण अजून एका फाइलमध्ये ठेवलंय. नवीन विद्यार्थी आला की त्या ते मागून घेतात आणि त्याला वाचायला देतात. का ते तुम्हांला कळलंच असेल.